भाच्यासाठी संवादाचं ॲप निवडायचंय, अनुभव सांगा

सांगलीची_आत्या
नमस्कार मंडळी. माझा भाचा सात वर्षांचा आहे. ऑटिझमचं निदान तीन वर्षांचा असतानाच झालं. तोंडी शब्द मोजकेच आहेत: "आई", "दे", "नको", शिवाय टीव्हीवरच्या जाहिरातींची काही वाक्यं, तीही अगदी चालीसकट. कळतं मात्र भरपूर. "गच्चीवर जाऊया" म्हटलं की चपला घेऊन दारात हजर. काही हवं असेल तर हात धरून ओढत नेतो. आम्हाला समजलं नाही की रडतो, स्वतःचं मनगट चावतो. ते बघवत नाही हो.

त्याच्या स्पीच थेरपिस्ट म्हणाल्या की चित्रावर बोट ठेवलं की बोलणारं ॲप सुरू करूया. दोन-तीन नावं सुचवून "घरात काय जमेल ते बघा" असंही म्हणाल्या. दादा-वहिनी दोघंही नोकरीवर जातात, त्यामुळे दिवसभर तो माझ्या आईजवळ असतो. आई फक्त मराठी बोलते, शाळा सेमी-इंग्रजी. घरात एक अँड्रॉइड टॅब आहे. आयपॅड घ्यायचा तर दादाला फार विचार करावा लागेल. तर ॲप फुकटचं चालेल की विकतचंच घ्यावं? मराठी की इंग्रजी? आणि आईला सगळ्यात मोठी भीती ही की यंत्र बोलायला लागलं तर पोरगं तोंड उघडायचंच बंद करेल. ज्यांच्या घरात हे सगळं झालंय त्यांनी कृपया लिहा.

डोंबिवलीकर_मेधा
आत्याबाई, आमची लेक आता अकरा वर्षांची आहे. आम्ही 'आवाज' हे ॲप वापरतो, चेन्नईत तयार झालेलं. विकतचं आहे, पण भारतीय भाषा आहेत, अँड्रॉइडवर चालतं आणि आधी वापरून बघता येतं. सुरुवातीला तिने नुसती बटणं बडवली. एकच बटण सलग, घर दणाणून जाईल इतकं. सासूबाई म्हणाल्या, खेळणं झालंय तिचं. आमच्या थेरपिस्ट म्हणाल्या, लहान बाळ बा-बा-बा करतं तेव्हा आपण त्याला थांबवतो का? करू द्या. ते बडवणं आपोआप कमी झालं आणि एके दिवशी जेवताना तिने "अजून" आणि "वरण" अशी दोन बटणं ओळीने दाबली. त्याआधी ती ताट ढकलायची, आणि आम्हाला वाटायचं की पोट भरलं!

तोंडी बोलणं बंद झालेलं नाही. उलट बटणाचा आवाज ऐकून काही शब्द ती मागोमाग म्हणते.

केतकी_न
वाचतेय. आमच्याकडेही हाच विषय चालू आहे.

वाचा_उपचार
मी वाक् आणि भाषा उपचारतज्ज्ञ आहे. मुलाला न बघता अमुकच ॲप घ्या असं सांगणार नाही, तुमच्या थेरपिस्टांचं म्हणणं आधी. पण आजींच्या भीतीबद्दल लिहायलाच हवं, कारण या एका भीतीपायी मुलांची वर्षं वाया जातात.

मिलार, लाइट आणि श्लॉसर यांनी २००६ साली विकासात्मक अडचणी असलेल्या व्यक्तींवरचे आधीचे अभ्यास एकत्र तपासले. सगळ्यात भक्कम पुरावा असलेल्या २७ जणांमध्ये चित्रं, खुणा किंवा यंत्र वापरल्यामुळे बोलणं कमी झालेलं एकही नव्हतं. ८९ टक्के लोकांचं तोंडी बोलणं वाढलं, बाकीच्यांचं होतं तसंच राहिलं. वाढ बहुधा माफकच होती, त्यामुळे ॲपने मूल घडाघडा बोलू लागेल असंही मी कुणाला सांगत नाही. पण अडथळा होत नाही, हे आजींना ठामपणे सांगा.

दुसरं, ॲप त्याच्या हातात देऊन "बोल" म्हणायचं नसतं. आधी आपण त्यावर बोलायचं. "चल, बाहेर जाऊया" म्हणताना तोंडाने पूर्ण वाक्य आणि बोटाने फक्त "चल" आणि "बाहेर". त्याने काही दाबावं ही अपेक्षा नको. तुमचं मूल सात वर्षं मराठी ऐकत आलंय, पण बटणांची भाषा त्याच्याशी आजवर कुणीच बोललेलं नाही. त्यामुळे ॲप निवडताना माझा पहिला प्रश्न असतो: घरातलं कोण यावर बोलणार? तुमच्याकडे त्याचं उत्तर आजी आहे. म्हणजे मराठी हवंच.

अप्पा_नाशिक
माझं मत जरा वेगळं आहे. नातवासाठी आम्ही पेक्सची कार्डं वापरली. अमेरिकेत बाँडी आणि फ्रॉस्ट यांनी १९८५ साली ही पद्धत काढली. मूल कार्ड उचलतं, समोरच्या माणसाजवळ जातं, त्याच्या हातात देतं, मग वस्तू मिळते. या सगळ्यात माणसाकडे जाणं आलं. टॅबवर बटण दाबायला माणूस लागतच नाही, मूल कोपऱ्यात बसून दाबत राहील. शिवाय कार्डाची बॅटरी उतरत नाही. आणि एकदा टॅब हातात आला की व्हिडिओ आलेच. आधी कार्डं, मग जमल्यास ॲप, असा क्रम मला योग्य वाटतो.

डोंबिवलीकर_मेधा
अप्पा, कार्डांचा फायदा मान्य. आम्हीही तिथूनच सुरुवात केली. पण शब्द वाढले की पिशवी वाढते. "काल", "का", "माझं", "परत" यांची कार्डं शोधेपर्यंत मुलाचं बोलायचं निघून जातं. टॅबचं म्हणाल तर आमचा बोलण्याचा टॅब वेगळा आहे, त्यात दुसरं काहीही नाही. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये ॲप पिन करायची सोय असते, आयपॅडवर गाइडेड ॲक्सेस. त्यांना पासकोड लावून ठेवला की मूल बाहेर पडू शकत नाही.

वाचा_उपचार
अप्पा, माणसाजवळ जाणं महत्त्वाचं हे तुमचं अगदी बरोबर, आणि ते ॲपसोबतही शिकवता येतं. फक्त "आधी कार्डं पास व्हायची, मग ॲप" अशी पायरी नसते. दोन्ही शेजारी शेजारी चालू शकतात. वय, बुद्ध्यांक, "अजून तयार नाही", ही कारणं सांगून थांबवू नये.

तिठ्यावर_उभा
मी स्वतः ऑटिस्टिक आहे, पुण्यात नोकरी करतो. एरवी बोलतो. गर्दी, ट्यूबलाइटचा आवाज, चार माणसं एकदम बोलायला लागली की माझं बोलणं बंद पडतं. शब्द डोक्यात असतात, तोंडाशी येत नाहीत. तेव्हा फोनवर टाइप करतो आणि फोन मराठीत वाचून दाखवतो. सोसायटीच्या मीटिंगमध्येही केलंय.

इथे सगळे "वरण", "पाणी", "बाहेर" म्हणतायत. लहान मुलांच्या बोर्डांवर खाण्याच्या चित्रांची पानंच्या पानं असतात, पण "थांब", "मला हात लावू नका", "आवाज जास्त आहे", "दुखतंय", "मला एकटं राहू द्या", "तसं नाही म्हणायचं मला" हे शब्द तीन पानं आत लपलेले असतात किंवा नसतातच. मनगट चावणाऱ्या मुलाला "बिस्किट" आधी लागणार की "थांब"? ॲप बघायला घ्याल तेव्हा नकाराचे आणि त्रासाचे शब्द पहिल्या पानावर आणता येतात का, ते आधी तपासा.

आणि हात जोडून दोन विनंत्या. "आंबा कुठंय दाखव, गाय कुठंय दाखव" अशी परीक्षा त्या टॅबवर घेऊ नका. शिक्षा म्हणून टॅब काढून घेऊ नका. कुणाचं तोंड बंद करून ठेवण्याइतकंच ते वाईट आहे.

केतकी_न
तिठ्यावर_उभा, फार आभार. प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला.

न्यूजर्सीची_रेवा
इथल्या शाळेने मुलाला आयपॅडवर प्रोलोक्वो-टू-गो दिलं. नेदरलँड्समधल्या कंपनीचं आहे, फक्त ॲपलच्या यंत्रांवर चालतं. स्वतः घ्यायचं तर साधारण २५० डॉलर. शब्दसंग्रह सुंदर रचलेला आहे, पण मराठी नाही. शाळेत इंग्रजी ठीक, पण भारतातून आई-बाबा आले की मुलगा आणि आजी-आजोबा एकमेकांकडे बघत बसायचे. मग मी मराठीचं एक पान केलं आणि बटणांमध्ये माझ्या आईचाच आवाज रेकॉर्ड केला. आई परत गेल्यावरही तो "ये रे राजा" हे बटण दाबतो.

पण यात एक मोठी अडचण आली. इंग्रजी ॲपची मांडणी तशीच ठेवून फक्त मराठी शब्द भरले की "मी हवं पाणी", "मी जा शाळा" असलं काहीतरी ऐकू येतं. चित्रं जोडून वाक्य करायची ही रीत इंग्रजीच्या मापाने शिवलेली आहे. मराठी विकतचं ॲप घेतलंत तरी हे ऐकून बघा.

कोडवाला_सुजित
रेवाताईंनी दुखऱ्या नसेवर बोट ठेवलंय. मी अशा एका मुक्तस्रोत, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या, ॲपच्या प्रकल्पाला हातभार लावतो. मराठीत "मी"चं "मला" होतं, "शाळा"ची "शाळेत" होते, क्रियापद लिंगाप्रमाणे बदलतं. मुलाच्या टॅबमधून "मी जाते" आलं की शाळेत पोरं हसतात, हे डोळ्यांनी पाहिलंय. त्यावर दोन उपाय दिसतात.

एक म्हणजे आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात तयार झालेलं 'जेलो'. फुकट आहे, अँड्रॉइडवर आहे, मराठी आहे. चित्रांच्या कडेला आवडतं-आवडत नाही, हो-नाही, अजून-कमी अशी बटणं असतात. ती आणि एक चित्र दाबलं की तयार, पूर्ण वाक्य ऐकू येतं, म्हणून मराठी मोडत नाही. चित्रंही आपल्याकडची आहेत. आजींना लगेच उमजेल. मर्यादा अशी की मुलाला स्वतःच्या मनाने कुठलेही शब्द कुठल्याही शब्दांना जोडायचे असतील तर ही रचना अपुरी पडते.

दुसरा उपाय म्हणजे जिथे बोर्ड स्वतः बनवता येतो असं ॲप. सीबोर्ड हे त्यातलं मुक्तस्रोत, ब्राउझरमध्येही चालतं. चित्रांसाठी स्पेनमधल्या अरागॉन प्रांताच्या सरकारचा आरासाक हा संग्रह आहे. हजारो चित्रं, बिगर-व्यापारी वापराला मोफत, श्रेय मात्र द्यायचं. अशा बोर्डात मी "मी" ऐवजी थेट "मला" ठेवतो, मग "हवंय", "नकोय", "आवडतं", "दुखतंय" सगळे त्याला जोडले जातात. "शाळेत", "घरी", "आजीकडे" हे अख्खे शब्द बटण म्हणून. व्याकरणाचा निम्मा त्रास तिथेच मिटतो.

मराठी आवाज इंटरनेटशिवाय चालतो का तेही बघा. गूगलचा मराठी आवाज आधी उतरवून ठेवता येतो. नाहीतर बसमध्ये रेंज गेली की मूल मुकं.

वाचा_उपचार
सुजित, "मला"ची युक्ती उत्तम. त्यात एक भर घालते. बटणाची जागा एकदा ठरली की हलवू नका. आपण कीबोर्डकडे न बघता टाइप करतो तसं मुलाचं बोटही जागा लक्षात ठेवतं. लॅम्प नावाची पद्धत याच पायावर उभी आहे. म्हणून सुरुवातीला चार मोठी बटणं, मग आठ, मग पंधरा, असं वाढवत नेऊ नका. दर वेळी सगळं हलतं. आधीच मोठी चौकट घ्या आणि नको ती बटणं झाकून ठेवा. ही झाकायची सोय ज्या ॲपमध्ये आहे ते बरं.

श्रद्धा_सबुरी
तुम्ही सगळे बटणांतच अडकलात. आमच्या नात्यातला एक मुलगा अक्षरांच्या पाटीवर कविता लिहितो. त्याची आई पाटी धरते, तो अक्षरं दाखवतो. चित्रं ही लहान बाळांसाठी. मुलाच्या आतली बुद्धी बाहेर काढायची तर पाटीच.

वाचा_उपचार
त्या आईच्या कष्टांबद्दल मनापासून आदर आहे. पण इथे नवे पालक वाचतायत म्हणून स्पष्ट लिहिते. कुणीतरी हात धरून टाइप करवून घ्यायच्या पद्धतीची १९९० च्या दशकात तपासणी झाली. मुलाला एक चित्र दाखवलं, हात धरणाऱ्याला दुसरं. उत्तर आलं ते हात धरणाऱ्याने पाहिलेल्या चित्राचं. पाटी हवेत धरायच्या पद्धतीतही पाटी धरणाऱ्याच्या नकळत सूचना जाण्याचा धोका असतो. अमेरिकेतल्या आशा या वाचा-भाषा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये दोन्ही पद्धती वापरू नयेत असं जाहीर केलं. मुलाच्या नावावर दुसऱ्याचे शब्द लागणं हा फार मोठा अन्याय आहे.

श्रद्धा_सबुरी
तुम्ही त्याला पाहिलेलं नाही. मी पाहिलंय.

तिठ्यावर_उभा
श्रद्धाताई, त्याच्यात बुद्धी आहे याबद्दल इथे कुणाला शंका नाही. मीही शेवटी अक्षरांवरच बोलतो. म्हणूनच म्हणतो, पाटी टेबलावर ठेवा, कुणाचाही हात नको, वेळ लागू दे. मग जे येईल ते त्याचं. आणि आत्याबाई, ॲपमध्ये देवनागरी कीबोर्ड आहे ना ते नक्की बघा. आज चित्रं असली तरी वाचन शिकवणं थांबवू नका.

श्रद्धा_सबुरी
टेबलावर ठेवून बघायला सांगेन त्यांना.

मिरजेचा_मन्या
जरा अवांतर. माझी पुतणी नऊ वर्षांची, तिच्या टॅबवर आता बरेच शब्द आहेत. गेल्या दिवाळीत पाहुणे दोन तास बसले होते. तिने सरळ टॅब त्यांच्यासमोर धरला: "काका. घरी. जा." वर "धन्यवाद" पण दाबलं. काका हसत हसत उठले. वहिनी बटण काढायला निघाली होती, मी काढू दिलं नाही. माझी मुलं रोज याहून उद्धट बोलतात, त्यांच्या तोंडातले शब्द कुठे काढतो आपण?

डोंबिवलीकर_मेधा
मन्या, हहपुवा (हसून हसून पुरेवाट). आमच्याकडे उपम्याच्या पहिल्या घासाला "छी" आणि लगेच "आवडत नाही". उपमा मी केला होता. मला इतका आनंद झाला की शेजारी सांगत सुटले.

अप्पा_नाशिक
मन्याची पुतणी आवडली. आणि मेधाताई, वेगळा टॅब ठेवायची कल्पना पटली. नातवाच्या शिक्षिकेशी बोलतो. कार्डं मात्र सोडणार नाही.

केतकी_न
खर्चाबद्दल कुणी सांगेल का? थेरपीतच सगळं संपतं.

मिरजेचा_मन्या
नॅशनल ट्रस्टची निरामय आरोग्य विमा योजना बघा. वर्षाला १ लाखापर्यंत, त्यात नियमित थेरपीचा खर्चही येतो. ऑटिझमचं प्रमाणपत्र लागतं. ॲपचे पैसे त्यातून मिळणार नाहीत, पण थेरपीचा भार हलका झाला की तिकडे वळवता येतात. आणि शाळा टॅब आणू देत नसेल तर २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा दाखवा. त्यात 'संवाद' या व्याख्येतच पर्यायी आणि पूरक साधनं धरलेली आहेत.

न्यूजर्सीची_रेवा
शाळेवरून आठवलं. टॅब दप्तरात राहिला तर त्याचा उपयोग शून्य. पट्टा लावून गळ्यात किंवा खांद्याला हवा. जाड रबरी कव्हर घ्या. बोटं घसरत असतील तर पडद्यावर बसवायची छिद्रांची प्लास्टिकची जाळी मिळते, तिने नेमकं बटण दाबलं जातं. आणि केलेल्या बोर्डाची प्रत वेगळी साठवून ठेवा. टॅब फुटला तरी शब्द वाचतात.

सांगलीची_आत्या
सगळ्यांचे खूप खूप आभार. धागा वाचून दादा-वहिनीशी बोलले, त्यांच्या थेरपिस्टांनाही दाखवला. त्यांना "मला"ची कल्पना फार आवडली. असं ठरतंय: घरातल्याच टॅबवरचं बाकी सगळं काढून टाकायचं आणि जेलो मराठीत सुरू करायचं, म्हणजे आईला पहिल्या दिवसापासून वापरता येईल. त्याच वेळी थेरपिस्ट त्यांच्याकडच्या टॅबवर 'आवाज'ची मराठी मांडणी त्याच्यासोबत वापरून बघतील. तो शब्दांना शब्द जोडतोय असं दिसलं तर मग पैसे घालू. आयपॅडचा विषय बंद.

आता अडलंय ते आईपाशी. भीती गेली, पण म्हणते मला ते टॅबचं जमायचं नाही, चष्मा लावूनही चित्रं नीट दिसत नाहीत, आणि हात लागून काहीतरी बिघडेल.

वाचा_उपचार
त्यांना टॅब देऊच नका. पहिल्या पानाचं चित्र मोठ्या कागदावर छापून लॅमिनेट करा. एक फ्रिजवर, एक जिथे तो जेवतो तिथे. आजी त्यावर बोट ठेवून बोलतील, तो टॅबवर दाबेल. जागा त्याच, त्यामुळे दोन्ही एकमेकांना पूरक. आंघोळीच्या वेळी आणि टॅब चार्जिंगला असतानाही कागद उपयोगी पडतो.

सांगलीची_आत्या
हे आईला नक्की जमेल! कागदाचं पान मी स्वतः बनवते. सुजित, आरासाकची चित्रं घेतेय, खाली श्रेय लिहीन. पहिल्या पानाचे शब्द असे धरलेत: मला, हवंय, नकोय, थांब, अजून, झालं, चल, दे, मदत, दुखतंय, आवडतं, आवाज जास्त, एकटं, बाहेर, घरी, आई, बाबा, आजी, पाणी, शू. काही राहिलंय का?

तिठ्यावर_उभा
"तसं नाही" टाका. आम्ही चुकीचं समजलो हे सांगायला त्याच्याकडे काहीच नाही, म्हणून तो चावतो असा माझा अंदाज आहे.

मिरजेचा_मन्या
आत्याचं नाव कुठंय त्यात?

सांगलीची_आत्या
दोन्ही टाकते. :)

डोंबिवलीकर_मेधा
"दुखतंय"च्या पाठीमागे शरीराचं एक पान जोडा. पोट, डोकं, कान, घसा, आणि दात विसरू नका. आमची लेक बरेच दिवस गाल बडवत होती, सगळ्यांना वाटलं वागणुकीचा प्रश्न आहे. दाताचं बटण टाकल्यावर दाढ किडलीय हे तिनेच सांगितलं.